चालवत कोण होतं

आत्याचं लग्न ठरलं तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती. घराला नवा रंग द्यायचं ठरलंय अशा सुरात तिने ती बातमी फोनवर थोरल्या भाचीला सांगितली.

"नोंदणी कार्यालयात सह्या करायच्या, मग घरी येऊन जेवायचं. एवढंच. पण साक्षीदार म्हणून सही मला दादाचीच हवी. त्याला घेऊन ये."

दादा म्हणजे थोरलीचे बाबा. आत्या त्यांची एकुलती एक बहीण. आयुष्यभर एकटी राहिली, शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाली आणि डोंगरापलीकडच्या गावात बंगली घेऊन राहायला गेली. तिथे तिच्या मांजरीच्या पायाला लागलं म्हणून ती गुरांच्या डॉक्टरांकडे गेली. मांजर पंधरवड्यात बरी झाली. आत्याचं जाणं मात्र चालूच राहिलं.

"नवरा कसा आहे?" बाबांनी थोरलीला विचारलं.

"विधुर आहेत. निवृत्त झालेत. आत्या म्हणते, फार बोलतात, पण मनाने चांगले."

"गुरं उलट बोलत नाहीत ना, त्यामुळे सवय लागली असेल," बाबा म्हणाले. पण त्याच दिवशी त्यांनी कपाटातला कोट काढून उन्हात टाकला.

थोरली दात बनवायची. दातांचे डॉक्टर साचे पाठवायचे आणि ती घराच्या मागच्या खोलीत बसून कवळ्या आणि कॅप तयार करायची. एखादी कॅप केसभर उंच राहिली तर माणसाला घास चावताना रडू येतं, हे तिला माहीत होतं. त्यामुळे कामात आणि बोलण्यात तिला अंदाजपंचे काही चालत नसे. 'बघू', 'होईल', 'जमेल बहुतेक' हे शब्द तिच्यासमोर कुणी काढत नसे. धाकटी बहीण परदेशात, आई जाऊन तीन वर्षं झालेली. घरात ती आणि बाबा, दोघंच. कोण कुणाला सांभाळतं यावर दोघांचं एकमत नव्हतं, पण दोघांचं बरं चाललं होतं.

लग्न तोंडावर आलं आणि थोरलीच्या गाडीचा गिअरबॉक्स बसला. मेकॅनिक म्हणाला, सुटा भाग बाहेरून मागवावा लागेल, आठवडा धरून चाला. आत्याच्या गावाला बस होती, पण ती डोंगराला लांबचा वळसा घालून संध्याकाळी पोचायची, आणि सह्या दुपारी बाराला होत्या.

"भाड्याने गाडी घेऊ," थोरली म्हणाली. "मी चालवते."

पण त्याआधी तिने विमा कंपनीला फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या. आवाज थकलेला, पण माणूस कामाचा.

"माझ्या गाडीचा पूर्ण विमा आहे," थोरलीने सांगितलं. "मी भाड्याची गाडी घेतली तर तो तिला लागू होतो का?"

"होतो. तुमची गाडी दुरुस्तीला असताना तात्पुरती घेतलीत आणि घरच्या कामासाठी वापरलीत, तर होतो. धंद्यासाठी वापरलीत तर नाही."

"लग्नाला जायचंय."

"मग हरकत नाही. पण तुमच्या गाडीला जेवढं मिळालं असतं तेवढंच मिळणार. नुकसानीचा पहिला हिस्सा तुमचाच. शिवाय एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. गाडी दुरुस्तीला पडून राहिली की भाडं बुडालं म्हणून गाडीवाले त्या दिवसांचे पैसे मागतात. ते आम्ही देत नाही."

"अजून काही?"

"तुमच्या पॉलिसीत चालक म्हणून फक्त तुमचं नाव आहे. दुसऱ्या कुणी चालवली तर आमच्याकडे येऊ नका."

थोरलीला असं बोलणारी माणसं आवडत. तिने आभार मानले आणि फोन ठेवला. काय मिळतं आणि काय मिळत नाही, दोन्ही आता तिला ठाऊक होतं. तिचं समाधान झालं.

गाडी भाड्याने देणाऱ्यांच्या काउंटरवर टाय घातलेला एक तरतरीत कारकून होता. त्याने किल्ली पुढे केली, पण हातातून सोडली नाही.

"मॅडम, आमचं संरक्षण घेऊन टाका. रोजचे थोडेच जास्त पडतात. मग काहीही होऊ द्या, तुम्ही निवांत."

"माझा विमा आहे."

"सगळे असंच म्हणतात, मॅडम. नंतर रडत येतात."

"मी विचारून आले आहे. गाडीला लागलं तर माझी कंपनी देईल, पहिला हिस्सा मी देईन. तुमची गाडी पडून राहिली तर त्या दिवसांचे पैसेही माझ्याच खिशातून जातील, तेही मला माहीत आहे. एका दिवसासाठी मी तेवढा धोका पत्करते."

कारकुनाने तिच्याकडे जरा आदराने बघितलं आणि किल्ली सोडली. तेवढ्यात मागून बाबा म्हणाले, "माझंही नाव घाला. घाटात मी घेईन."

थोरली वळली. "नको, बाबा. माझ्या विम्यात तुमचं नाव नाही. इथे घातलं तरी तिकडे उपयोग नाही."

"मग यांचं ते संरक्षण घे."

"मी एकटी चालवणार असताना कशाला?"

बाबा बंदरावर क्रेन चालवायचे. उंच केबिनमध्ये बसून खाली जहाजावरच्या मालाच्या डब्यावर डबा बसवायचा, मध्ये बोटभर फट. अख्ख्या नोकरीत एका डब्याला पोचा आला नाही, हे ते स्वतः कधी सांगत नसत, पण दुसऱ्या कुणी सांगितलं तर ऐकायला थांबत. आई गेल्यावर त्यांनी आपली गाडी विकली, पण परवाना चालू ठेवला होता आणि तो पाकिटात पुढच्या कप्प्यात असे.

"माझ्या हातांवर विश्वास नाही असं सरळ म्हण," गाडीत बसल्यावर ते म्हणाले.

"तुमच्या हातांबद्दल कोण बोलतंय? मी कागदाबद्दल बोलतेय."

"कागद गाडी चालवतो का?"

"चालवत नाही. पण ठोकली की पैसे तोच देतो."

बाबांनी खिडकीची काच खाली केली.

शहर मागे पडलं, पेट्रोल पंप संपले, रस्ता चढायला लागला तसा बाबांचा रुसवा उतरत गेला. लहानपणी आत्या कशी पायऱ्या मोजल्याशिवाय जिना चढायची नाही, ते त्यांनी सांगितलं. थोरली हसली. गाडी हलकी होती, स्टिअरिंग नवं, रस्ता मोकळा. बाराच्या बरंच आधी पोचणार होते.

घाटमाथा ओलांडला आणि थोरलीला समोरच्या काचेवर काहीतरी चकाकताना दिसलं. तिने वायपर एकदा फिरवला. चकाकी गेली नाही. मग तिच्या लक्षात आलं की ती काचेवर नाहीच. डाव्या डोळ्याच्या कडेला प्रकाशाची नागमोडी रेघ थरथरत होती, आणि तिच्या आतला रस्ता दिसतच नव्हता. तिला अर्धशिशीचा त्रास जुना होता. वर्षातून एकदोनदा व्हायचा, पण आतापर्यंत नेहमी घरात, कामाच्या टेबलाशी. चालत्या गाडीत पहिल्यांदाच.

तिने पार्किंगचे दिवे लावले, वेग कमी केला आणि वळणाच्या आतल्या बाजूला, लाकडाच्या ओंडक्यांच्या राशीशेजारी गाडी उभी केली. जागा जेमतेम गाडीएवढी. शेजारून ओंडक्यांचा ट्रक गेला तेव्हा अख्खी गाडी हलली.

"काय गं?"

"डोकं. अर्धं दिसत नाहीये."

बाबांनी गोळ्या कुठे आहेत ते विचारलं नाही. तिच्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यातून गोळी काढली, पाण्याची बाटली उघडून हातात दिली. मग फोन काढला.

"तिला सांगतो, दुसरा साक्षीदार बघ. आपण इथे थांबू. तू पडून राहा."

थोरलीने डोळे मिटले. मिटल्यावरही ती रेघ तिथेच होती. अजून एक ट्रक गेला. या त्रासाला कधी दोन तास लागत, कधी अख्खा दिवस. एवढ्या वेळात या वळणावर कुणी ना कुणी मागून येऊन आदळणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. खालच्या गावातून टॅक्सी बोलावली तरी गाडी इथेच उभी राहणार. बाबा 'मी चालवतो' असं म्हणत नव्हते. एका शब्दानेही नाही. ते फक्त आत्याचा नंबर शोधत होते, आणि चष्मा नसल्यामुळे त्यांना तो सापडत नव्हता.

"चष्मा कुठे आहे?" तिने विचारलं.

"कोटात. वाचायचा आहे तो. लांबचं दिसतं मला."

"परवाना?"

बाबांचा हात थांबला. "आहे."

"मग इकडे बसा. चालवा तुम्ही."

"अगं, तो विमा..."

"विमा नाही हे मला माहीत आहे. इथे थांबणं जास्त धोक्याचं आहे. काही झालं तर निर्णय माझा, तुमचा नाही. बसा."

बाबा उतरले, गाडीला वळसा घालून आले, आसन मागे घेतलं, तिन्ही आरसे आपल्याला हवे तसे फिरवले. थोरलीने शेजारच्या आसनावर बसून डोळ्यांवर रुमाल बांधला. पुढचा घाट तिने पाहिला नाही. पण तिला कळत होतं. ब्रेक कुठे लागला आणि कुठे सुटला ते पोटाला जाणवत नव्हतं. वळण यायच्या आधीच गाडी संथ व्हायची, मग अलगद बाहेर पडायची. कपभर पाणी डॅशबोर्डवर ठेवलं असतं तरी सांडलं नसतं.

"बाबा."

"हं?"

"काही नाही. छान चालवताय."

बाबा गुणगुणायला लागले.

घाट संपला की पहिलं गाव आत्याचं. नोंदणी कार्यालय मुख्य रस्त्यावरच होतं, दगडी, बसकं. आवारात आधीच चारपाच गाड्या लागल्या होत्या आणि मोकळी राहिलेली जागा कोपऱ्यात, फाटकाच्या खांबाला लागून. तिथे करड्या सुटातला एक उंच म्हातारा उभा होता. गाडीच्या काचेतून त्याने बाबांना ओळखलं, कारण नाक आत्याचंच होतं. तो आनंदाने पुढे धावला आणि दोन्ही हात हलवत गाडी मागे घ्यायच्या खुणा करायला लागला.

"या, येऊ द्या, येऊ द्या. बरीच जागा आहे."

बाबांनी आरशात एकदा बघितलं. खांब आरशाच्या बाहेर होता. पण खाली उभा असलेला माणूस हात हलवत होता, आणि क्रेनवर एक नियम असतो: वर बसलेल्याने स्वतःचं डोकं चालवायचं नाही, खालचा खूण करेल तसं करायचं. बाबांनी तो जन्मभर पाळला होता.

"येऊ द्या, अजून, अजून..."

कर्रर्र असा लांबलचक आवाज झाला. थोरलीने रुमाल काढला. मागचं दार आतल्या बाजूला दबलं होतं, पुढच्या दारापर्यंत पांढरा ओरखडा गेला होता आणि बाजूचा आरसा वायरीला लोंबत होता. खांबाला काही झालं नव्हतं.

करड्या सुटातला माणूस तसाच, हात हवेत धरून उभा होता. "मी आपला... मला वाटलं..." एवढंच त्याला जमलं. हेच नवरदेव.

बाबा उतरले. त्यांनी दबलेल्या पत्र्यावरून तळवा फिरवला, हळू, दुखरं जनावर चाचपावं तसा. चेहरा पांढरा पडला होता.

पायऱ्यांवरून आत्या खाली आली. निळी साडी, केसांत काही नाही, हातात पर्स. तिने गाडीकडे बघितलं, भावाकडे बघितलं, नवऱ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"कुणाला लागलंय का?"

"नाही."

"मग आत चला. गाडी काही पळून जात नाही. त्या निबंधक बाई एकला जेवायला जातात."

आतल्या खोलीत पंखा होता आणि पडदे ओढलेले होते, त्यामुळे थोरलीला बरं वाटलं. भिंतीशी लागलेल्या बाकावर ती डोकं टेकून बसली. रेघ आता विरत चालली होती, तिच्या जागी ठोके सुरू झाले होते. तिने आत्याला सही करताना पाहिलं, नीट, एकेक अक्षर सुटं, फळ्यावर लिहावं तसं. डॉक्टरांनी आपली सही चुकीच्या रकान्यात केली आणि निबंधक बाईंनी नवा कागद काढला. मग बाबांची पाळी आली. ते पेन धरून एवढा वेळ थांबले की बाईंनी विचारलं, "काही अडचण?"

"नाही," बाबा म्हणाले. "जरा हात थांबू दे." मग त्यांनी सही केली आणि बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. आत्या त्या क्षणी रडली, आणि लगेच म्हणाली की पंख्याचा वारा डोळ्यांत गेला.

जेवण आत्याच्या घरी होतं. डॉक्टरांनी नाडी तपासल्यावर थोरली आतल्या खोलीत तासभर अंधारात पडली, उठली तेव्हा डोळे स्वच्छ होते. टेबलाभोवती चौघंच. डॉक्टरांनी तिला पाणी दिलं, खुर्ची ओढून दिली, आणि शेवटी त्यांना राहवेना.

"हे बघ, सकाळपासून मी विचार करतोय. चूक माझी आहे. मी नको तिथे हात हलवले. आता तू म्हणतेस, तू चालवत असतीस तर विमा मिळाला असता?"

"हो."

"मग तूच चालवत होतीस. झालं. तिथे होतं कोण? तू, दादा आणि मी. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी तर साक्षीदार म्हणून सांगेन."

थोरलीने बाबांकडे पाहिलं. बाबा ताटाकडे पाहत होते. त्यांच्या मनात काय चाललंय ते तिला न विचारता कळलं. तिने एक वाक्य बोललं असतं तर दुरुस्तीचे पैसे वाचले असतेच, शिवाय बाबांच्या नावावर तो ओरखडाही लागला नसता. कुणालाच कळलं नसतं की क्रेनवाल्याने उभ्या खांबाला गाडी घासली. तिला ते वाक्य बोलावंसं वाटलं. पैशासाठी नाही. बाबांची मान खाली गेली होती, ती तिला बघवत नव्हती.

आत्याने चमचा खाली ठेवला. "लग्नाला तीन तास झाले नाहीत," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि तू माझ्या माहेरच्यांना खोटं बोलायला शिकवतोयस."

"अगं, मदत करतोय मी."

"तुझी मदत सकाळी पाहिली आम्ही. तो खांब अजून उभा आहे."

डॉक्टर इतके खजील झाले की बाबांना हसू आलं. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला. सकाळपासून पहिल्यांदाच. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "फोन लाव."

"कुणाला?"

"गाडीवाल्यांना. आणि मला दे."

थोरलीने नंबर लावला, पलीकडून उत्तर आलं तसं आपलं नाव आणि गाडीचा नंबर सांगितला आणि फोन बाबांकडे दिला. तोच कारकून होता. त्याचा आवाज टेबलापर्यंत ऐकू येत होता.

"गाडीला लागलंय," बाबा म्हणाले. "डावी दोन्ही दारं आणि आरसा. मागे घेताना खांबाला घासली. चालवत मी होतो."

"तुम्ही? पण करारात तर मॅडमचं..."

"हो. मी तिचा बाप. ती आजारी पडली घाटात. मी चालवायला बसलो. खांब मला दिसला नाही. वय त्र्याहत्तर. परवाना चालू आहे. लिहून घेतलंत?"

"काका, असं सांगितलंत तर आमच्याकडून तुम्हाला वेगळा आकार लागेल. अनधिकृत चालकाचा."

"लागू दे. तुम्ही नीट लिहा म्हणजे झालं."

फोन ठेवल्यावर त्यांची मान वर होती. त्यांनी डॉक्टरांकडे रोखून पाहिलं. "आणि तुम्ही. पुढच्या वेळी खूण करायची असेल तर आधी मागे वळून बघायचं. चला, वाढा आता. गार झालं सगळं."

परतीच्या घाटात थोरलीनेच चालवली, आरसा टेपने चिकटवून. बाबांनी कुरकुर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विमा कंपनीला फोन केला. त्याच थकलेल्या आवाजाच्या बाई निघाल्या. थोरलीने काही न वगळता सगळं सांगितलं, वळण, ओंडके, ट्रक, गोळी, खांब. दावा नाकारला जाणार हे गृहीतच होतं. पण सांगायचं ते नीट सांगायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. "तुम्ही गाडी चालवत असताना आजारी पडलात?"

"हो."

"आणि ज्यांनी नंतर चालवली त्यांच्याकडे वैध परवाना होता?"

"हो."

कागद उलटल्याचा आवाज आला. "मग वेगळं आहे. चालक वाटेत अचानक आजारी पडला आणि परवाना असलेल्या दुसऱ्या माणसाने गाडी सुरक्षित जागी नेली, तर आम्ही ते धरतो. हे तुम्ही मला त्या दिवशी विचारलं नव्हतं."

"आणि तुम्ही सांगितलंही नव्हतं," थोरली म्हणाली.

"नाही सांगितलं. कुणी आजारी पडायचं ठरवून फोन करत नाही ना." बाईंच्या आवाजात हसू होतं, पण लगेच तो कामाचा झाला. "पण आमचे पाहणीवाले विचारतील. सुरक्षित जागा म्हणजे दवाखाना. तुम्ही लग्नाच्या कार्यालयात गेलात."

"घाट उतरल्यावर पहिलं गाव तेच. त्याआधी गाडी उभी करायला जागा नाही. त्यांनी स्वतः जाऊन बघावं."

"आणि आजाराचा दाखला?"

"त्या दिवशी तपासलं ते गुरांच्या डॉक्टरांनी."

"ते चालणार नाही."

"माहीत आहे. अर्धशिशीसाठी मी सात वर्षं ज्यांच्याकडे जाते त्यांचा दाखला आणते."

पाहणीवाला आला, एक जाडसर, घामेजलेला गृहस्थ. त्याने गाडी बघितली, मग खरंच घाटात जाऊन आला, आणि परत येऊन बाबांना म्हणाला, "काका, त्या वळणावर मी दोन मिनिटं थांबलो तर मागून तीन हॉर्न. तुम्ही निघालात ते बरं केलंत." बाबांनी त्याला चहा पाजला आणि क्रेनच्या गोष्टी सांगितल्या. तो उठेना तेव्हा थोरलीलाच त्याला आठवण करून द्यावी लागली की त्याची पुढची भेट आहे.

विमा कंपनीने पत्र्याचे आणि आरशाचे पैसे दिले, पहिला हिस्सा वगळून. गाडीवाल्यांचा अनधिकृत चालकाचा आकार आणि गाडी पडून राहिल्याचे पैसे मात्र थोरली-बाबांनाच द्यावे लागणार होते. त्यात गाडीवाल्यांनी गाडी बारा दिवस बंद होती असं लिहिलं होतं. थोरली काउंटरवर गेली.

"दुरुस्तीच्या गॅरेजला मी विचारलंय," ती कारकुनाला म्हणाली. "पाचव्या दिवशी गाडी तयार होती. उरलेले दिवस तुमचाच माणूस आणायला गेला नाही. पाच दिवसांचे मी आत्ता देते. सातांचे देत नाही."

कारकुनाने आत जाऊन कुणाशी तरी बोलून घेतलं, बाहेर येऊन आकडा बदलला, आणि पावती देताना खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का? काकांनी फोनवर जे सांगितलं ना, तसं आमच्याकडे कुणी सांगत नाही. सगळ्यांच्या गाडीला दुसराच कुणीतरी येऊन ठोकून जातो."

ते पैसे कुणी सोसायचे यावरून घरी दोन दिवस वाद झाला. बाबा म्हणत, ठोकली मी. थोरली म्हणे, किल्ली दिली मी. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळीच रक्कम पाठवून दिली, सोबत आत्याचा निरोप: 'परत पाठवलीत तर हा माणूस झोपणार नाही आणि मलाही झोपू देणार नाही.' तेव्हा वाद मिटला. बाबांनी निम्मी ठेवून घेतली, निम्मी परत केली. खूण त्यांची असली तरी आरसा माझ्याकडे होता, असं त्यांचं म्हणणं पडलं.

महिनाभराने बाबा एका सकाळी कुणाला न सांगता डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेले. परत आले ते कागद घेऊन.

"लांबचं ठीक आहे," ते थोरलीला म्हणाले. "कडेचं थोडं कमी झालंय. दिवसा चालवा म्हणाल्या, अंधार पडल्यावर नको. आणि मागे घेताना मान पूर्ण वळवायची."

थोरली हातातली कवळी घासायची थांबली. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं बरोबर आहे. रात्री तसंही दिव्यांचा त्रास होतो मला. सांगितलं नव्हतं तुला." त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. "तुझा विमा कधी संपतोय?"

"पुढच्या महिन्यात."

"त्यात माझं नाव घाल. वयामुळे जास्त मागतील, ते मी देईन. यावर वाद नको."

"नाही घालत वाद," ती म्हणाली, आणि तिथेच कवळी बाजूला ठेवून फोन उचलला.

विम्याचं नूतनीकरण झालं त्या आठवड्यात ती दोघं आत्याकडे राहायला गेली. सकाळी लवकर निघाली. चढ थोरलीने घेतला, घाटमाथ्यावर टपरीपाशी थांबून दोघांनी चहा घेतला, आणि उतरताना बाबा चालवायला बसले. पुढे ओंडक्यांचा ट्रक हळूहळू उतरत होता. बाबांना घाई नव्हती. त्यांनी योग्य अंतर ठेवलं, थोरलीने काच खाली केली, आणि ट्रक वाट देईपर्यंत ती दोघं आत्याच्या मांजरीला आता घरातले तिसरे, म्हणजे डॉक्टर, कसे खपतायत यावर बोलत राहिली.